सामाईक विहिरीचे घड्याळ

कोंडीरामने मोबाइल शामलाच्या तोंडासमोर धरला, इतका जवळ की तिला आधी पडद्यावरची रेघ दिसलीच नाही, त्याच्या अंगठ्याचे चिखलाने भरलेले नख दिसले.

“मॅडम, तुमीच सांगा. ह्ये खरं का न्हाय?”

शामलाने मान मागे घेऊन पाहिले. विहिरीतल्या पाण्याची निळी रेघ तेरवा रात्री दीडच्या सुमारास खाली वळली होती आणि उतरतच गेली होती. ती रात्र कोंडीरामच्या पाळीची होती. आपण तेव्हा घरात झोपलो होतो, हे तो सकाळपासून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

“यंत्रात आहे ते खरंच असतं,” ती म्हणाली.

तिला घाई होती. विहिरीच्या काठावर तीन नवे स्वयंसेवक बसले होते आणि ऊन चढायच्या आत त्यांना सेन्सरची वायर बदलायला शिकवायची होती. एवढे बोलून ती वायरीकडे वळली, आणि पाठीमागे वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

कोंडीरामच्या हातात खोऱ्याचा दांडा होता. त्याच्यासमोर त्याचा चुलतभाऊ बजरंग उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता, आणि मनगटापासून खालचा पंजा भलतीकडेच लोंबत होता. कोंडीराम त्याच्यावर ओरडत होता.

“माझ्या पाळीत पाणी उपसायलास व्हय रे, बेइमान?”

“म्या न्हाय, दादा. आईची आण, म्या हात लावला न्हाय...”

दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा कानाच्या वर. बजरंग गुडघ्यांवर आला तसे कोंडीरामचे दोन पुतणे धावत आले. ते भांडण सोडवायला आले आहेत असे शामलाला क्षणभर वाटले, पण त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली. ती मध्ये घुसली. कुणाचे तरी कोपर तिच्या छातीत बसले आणि ती कठड्यावर आपटली.

“अण्णा! सोडा त्यास्नी, मरतील ते!”

हे ओरडणारी शिवकन्या होती, कोंडीरामची मुलगी, त्या तीन नव्या स्वयंसेवकांतली एक. तिने बापाच्या दंडाला मिठी मारली. त्याने तिला झिडकारले, ती पुन्हा लोंबकळली, आणि त्या ओढाताणीत दांडा त्याच्या हातातून निसटून विहिरीत पडला. तो पडला नसता तर त्या दिवशी बजरंगचा मुडदाच उचलावा लागला असता. सेन्सरच्या पांढऱ्या पाइपवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि पाणी किती फूट आहे ते पाइप इमानेइतबारे वर पाठवतच होता.

तामलवाडीच्या शिवारातली ती विहीर दोघांच्या आजोबांनी खणलेली. जमिनीच्या वाटण्या झाल्या, विहिरीची वाटणी कशी करणार? तेव्हा पाळ्या ठरल्या. एक दिवस आणि एक रात्र कोंडीरामची, पुढचा दिवस आणि रात्र बजरंगची. सूर्य उगवला की पाळी बदलायची. दोन्ही घरांत बोलणे बंद झाले, लग्नकार्याला जाणे बंद झाले, पण पाळी कुणी मोडली नव्हती. भावकीत तेवढी एकच गोष्ट धड उरली होती.

शामला तुळजापूरच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवायची आणि उरलेल्या वेळात ‘झिरा’चे काम बघायची. झिरा म्हणजे विहिरींतल्या पाण्याची पातळी नकाशावर दाखवणारे सॉफ्टवेअर. ते कुणाच्या मालकीचे नव्हते. कुणीही उघडून बघावे, चूक दिसली तर दुरुस्त करावी, आपल्या गावात फुकट वापरावे. ते चालवणारे लोक कुठकुठले होते, बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नव्हते. झिरा ज्या सर्व्हरवर चालायचा तो सांभाळणे आणि त्या कामात नवी माणसे तयार करणे शामलाकडे होते.

नव्या माणसांसाठी त्यांच्यात दोन नियम होते. पहिला, नव्या माणसाला लुटुपुटुचे काम द्यायचे नाही. आल्या आल्या खरे काम द्यायचे, म्हणजे तो टिकतो. दुसरा, काही बिघडले तर काय बिघडले आणि कसे, ते सगळ्यांसमोर मांडायचे, पण कुणी बिघडवले त्याचे नाव घ्यायचे नाही. नावे घेतली की लोक चुका लपवू लागतात. शामलाला हा दुसरा नियम फार आवडायचा. आमच्या गावच्या ग्रामसभेत लावला पाहिजे, असे ती गमतीने म्हणायची.

शिवकन्या सोलापूरला बी.एस्सी. करत होती आणि हात लावील ते शिकत होती. दहा-बारा दिवसांपूर्वी शामलाने तिला खरे काम दिले होते, जुन्या सर्व्हरवरचा झिरा नव्या सर्व्हरवर हलवण्याचे. पोरीने तो हलवला. शामलाने महाविद्यालयातल्या पालकसभेत, टेबलाखाली मोबाइल धरून, ते काम वरवर बघितले आणि मंजुरीचे बटण दाबले. दुसऱ्या दिवशी शिवकन्याने पेढे आणले होते.

बजरंगला शामलाने स्वतःच्या गाडीत घातले. दुसरे कुणी पुढे आलेच नाही. शेतीच्या वादात मध्ये पडू नये, असे म्हणत माणसे बांधावर हाताची घडी घालून उभी होती. बजरंगची बायको धुरपदाबाई मागच्या सीटवर नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. गाडी रस्त्याला लागताना एका पुतण्याने दगड मारला आणि मागची काच खळ्ळकन धुरपदाबाईच्या पदरात आली. ती ओरडली नाही. तिने नवऱ्याच्या तोंडावरचे काचेचे तुकडे एकेक करून वेचले.

सोलापूरच्या वाटेवर बजरंग मध्येच शुद्धीवर यायचा.

“मॅडम, तुमच्या यंत्रात म्याच दिसतूय का? नीट बघा की.”

शामला गाडी चालवत राहिली. तिला त्याची कीव येत होती आणि थोडा रागही येत होता. मार खाऊन मरायला टेकला तरी कबूल करत नाही, असे तिच्या मनात आले. ते आले याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

दवाखान्यात हाताच्या हाडाला स्टीलची पट्टी बसवली, डोक्याला टाके घातले. हात राहील, पण मूठ पूर्वीसारखी वळणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पोलिसांत कळवू का, असे शामलाने विचारले तेव्हा धुरपदाबाईने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिले.

“आमचे भाऊ यायलेत मुरुमहून. ते बगतील काय बगायचं ते.”

शिवकन्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने तुळजापूरला आली. शामलाच्या दारात चप्पल काढता काढताच तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. चहाला नको म्हणाली.

“मॅडम, काल अण्णांनी तुम्हाला एकच रात्र दाखवली. तिच्या पुढची रात्र बघितली का तुम्ही?”

“पुढची तर बजरंगच्या पाळीची. त्यात काय बघायचं?”

“तेच. कुणीच बघितली न्हाई.”

तिने पडदा शामलाकडे वळवला. पुढच्या रात्री, म्हणजे बजरंगच्या पाळीत, पाण्याची रेघ दीडच्या सुमारासच खाली वळली होती. त्याच्या आधीच्या बजरंगच्या रात्रीही तशीच. एक रात्र याची, एक रात्र त्याची, आणि रोज दीड वाजता रेघ खाली.

“ह्या हिशोबानं अण्णाही चोर हायेत,” शिवकन्या म्हणाली. “बजरंगकाकांच्या पाळीत ते दर रात्री पाणी उपसतात. पण अण्णा तर ओसरीत घोरत असतात, मॅडम. मी तिथंच अभ्यास करत असते.”

शामला सर्व्हरमध्ये शिरली. शोधायला वेळ लागला नाही, कारण कुठे बघायचे ते तिला आता कळले होते. सर्व्हर जगाच्या सामाईक वेळेवर चालतात. आपल्याकडची वेळ दाखवायची तर त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ते मिळवणारी ओळ जुन्या सर्व्हरवर होती. हलवाहलवीत ती तिथेच राहिली होती. सकाळी सातला, दिवस उगवल्यावर, आपल्या हक्काच्या पाळीत बजरंग मोटर चालू करत होता आणि नकाशा ते रात्री दीडला दाखवत होता. कोंडीरामचेही तसेच. दोघेही आजोबांच्या शब्दाला जागत होते आणि यंत्र दोघांनाही चोर ठरवत होते.

“माझ्याकडून राहिली ती ओळ,” शिवकन्या म्हणाली.

“मी तपासलं होतं. मला दिसायला पाहिजे होती.”

“पण राहिली माझ्याकडून.”

शामलाने झिराच्या लोकांची तातडीची बैठक लावली. ठिकठिकाणचे पाच-सहा चेहरे पडद्यावर आले. काय झाले ते शामलाने सांगितले. नियमाप्रमाणे नाव घेतले नाही. हात मोडल्याचेही सांगितले. मग पुण्याहून देवश्री बोलली. ती स्वभावाने मायाळू होती आणि झिरा सुरू करणाऱ्यांपैकी होती.

“फार वाईट झालं. पण हे कुणी मनाला लावून घेऊ नका. ही कुणाचीच चूक नाही. आपली तपासायची पद्धत कमी पडली. ती आपण सुधारू.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शिवकन्या शामलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात न येता बसली होती. बैठक संपल्यावर ती म्हणाली,

“कुणाचीच चूक न्हाई, तर मग हात कसा मोडला, मॅडम?”

ती ओळ शिवकन्यानेच लिहायची असे शामलाने ठरवले. कालची शामला असती तर तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढून दोन मिनिटांत काम उरकले असते. आज तिने खुर्ची सरकवून पोरीला पुढे बसवले. शिवकन्याने बदल लिहिला. शामलाने तो मोठ्याने वाचला, एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलीने धडा वाचावा तसा. मग मंजुरी दिली. नकाशावरची प्रत्येक रेघ एका झटक्यात उजवीकडे सरकून आपल्या जागेवर गेली. बजरंगची मोटर पुन्हा सकाळी सातला सुरू झाली, कोंडीरामचीही.

“आता ऐक,” शामला म्हणाली. “गावात तू एक शब्द बोलायचा नाहीस. कोंडीरामच्या पोरीच्या हातून हे झालं असं कळलं, तर बापलेकीनं मिळून यंत्र बिघडवलं म्हणतील. बजरंगचे मेहुणे आलेत. ते घड्याळबिड्याळ ऐकून घ्यायचे नाहीत. मी जाते उद्या दवाखान्यात, मी सांगते काय ते. नाव निघणार नाही.”

शिवकन्याने लॅपटॉप पिशवीत घातला.

“अण्णांना तर सांगावंच लागंल,” ती म्हणाली. “ते गावात मिशीला पीळ देत फिरायलेत.”

शामलाने तिला अडवायला हवे होते. ती फक्त म्हणाली, जपून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खोलीत शामला शिरली तेव्हा धुरपदाबाईचा भाऊ गोरोबा खिडकीशी उभा होता. त्याच्याबरोबरची दोन माणसे बाकावर बसली होती आणि बाकाखाली टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी लांबट होते. टॉवेलाच्या टोकातून लोखंडी पाइपचे तोंड दिसत होते. कॉटवर बजरंग पडून होता, डोक्याला पट्टी, हात वर टांगलेला.

शामलाने उभ्या उभ्याच सांगितले. पाल्हाळ लावले नाही. यंत्राचे घड्याळ चुकले होते, बजरंगने आपल्याच पाळीत पाणी घेतले, चोरी झालीच नव्हती.

धुरपदाबाईने पदर तोंडाशी नेला. गोरोबा सावकाश चालत शामलासमोर आला.

“मंजे आमच्या दाजीचा हात फुकट मोडला.”

“हो.”

“घड्याळ आपोआप चुकलं?”

“नाही. सर्व्हर हलवताना एक ओळ राहून गेली.”

“कुणाच्या हातनं?”

“आमच्यात नाव सांगत नाहीत,” शामला म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघताना ते या खोलीत किती निर्लज्ज वाटतात ते तिचे तिलाच ऐकू आले.

गोरोबाने थोबाडीत मारली. उघड्या तळहाताची, पण शेतकऱ्याच्या हाताची. शामलाचा चष्मा कॉटखाली गेला आणि ओठ दातावर फुटला.

“आता सांगा नाव.”

“मी. मी पास केलं.”

“खोटं बोलायलीस. नजर खाली गेली तुजी. कसूर कुणाचा हाय?” त्याने तिची मानगूट धरली आणि भिंतीला टेकवली. बाकावरची दोघे उठून उभी राहिली. “बाई म्हणून सोडतूय असं समजू नगंस. नाव बोल!”

शामलाला नाव माहीत होते. ते जिभेच्या टोकावर होते, चार अक्षरांचे, आणि ते बोलले की ही बोटे मानेवरून निघाली असती. तिला मुळीच शूर वाटत नव्हते. तिला फक्त ती पोर आणि बाकाखालचा पाइप एकत्र दिसत होते.

“शामला,” ती म्हणाली. “माझंच नाव. दुसरं नाही.”

“गोरोबा!”

बजरंग उठून बसला होता. टांगलेल्या हाताला ओढ बसून त्याचा चेहरा वेदनेने वाकडा झाला होता.

“सोड त्यास्नी. त्या नसत्या तर म्या बांधावरच मेलो असतो. सोड म्हनतूय ना! भाईर जा तिगं बी.”

दाजीचा शब्द मोडणे गोरोबाला जमले नाही. त्याने हात काढला, थुंकायला म्हणून दाराबाहेर गेला, त्याच्या मागे ती दोघे गेली. धुरपदाबाईने वाकून चष्मा काढला, पदराने पुसला आणि शामलाच्या हातात दिला.

“बसा, मॅडम,” बजरंग हळू आवाजात म्हणाला. “शिवकन्या काल आलती.”

शामला बसली.

“तुमच्याकडनं सरळ हितंच आली. ह्ये लोक तवा जेवायला गेलते. माज्या पायाशी बसली आन् म्हनली, काका, माज्या हातनं झालंय. लई रडली. घड्याळाचं समदं सांगितलं. मला काय समजलं न्हाय, पर तिच्या हातनं झालं ह्ये समजलं.”

“मग तुम्ही यांना...”

“न्हाय सांगितलं.” त्याने दाराकडे पाहिले. “हिलाच तेवढं ठावं हाय. नाव सांगितलं असतं तर काल रातीच ह्येंचा टेंपो तिच्या घरावर गेला असता. एक हात गेला तेवढा बास झाला की, मॅडम. अजून किती मोडायचे?”

शामलाच्या फुटक्या ओठातून रक्त हनुवटीवर आले होते. तिला रडू येत होते आणि ती ते आवरत नव्हती. इतकी वर्षे ती नव्या माणसांना हा नियम शिकवत आली होती आणि त्याची किंमत कुणी मोजताना तिने आज पहिल्यांदा पाहिले होते.

“घड्याळ नीट झालं का?” बजरंगने विचारले.

“झालं. तिनंच केलं.”

“दावा बरं.”

तिने मोबाइल उघडून त्याच्यासमोर धरला. तामलवाडीची विहीर, आजची सकाळ. निळी रेघ दिवस उगवेपर्यंत आडवी होती. मग ती खाली वळली होती आणि अजून उतरत होती.

बजरंगच्या कपाळाला आठी पडली. गोरोबा दारात परत आला होता. तो मागून वाकून बघत होता.

“आज कुणाची पाळी, आक्का?”

“आमची,” धुरपदाबाई म्हणाली, आणि म्हणताच तिने जीभ चावली.

“दाजी हितं. तू हितं. मंग पानी कोन उपसायलंय?”

उत्तराची वाट न बघता तो बाकाशी गेला आणि टॉवेल सोडला. पाइप हातात घेऊन तो शामलासमोर येऊन उभा राहिला. त्याने बोट मोबाइलच्या काचेवर टेकवले.

“मॅडम, ह्ये तरी खरं हाय का न्हाय?”

तोच प्रश्न. विहिरीवर कोंडीरामने विचारला होता तोच, आणि तेव्हा तिने एका वाक्यात उत्तर देऊन पाठ फिरवली होती.

“पाणी उतरतंय, एवढं खरं,” शामला म्हणाली. “कोण उतरवतंय आणि कशासाठी, ते यंत्राला दिसत नाही. ते जाऊन बघावं लागतं. चला, मी नेते. पण बघितल्याशिवाय हात उचलायचा नाही.”

“बगू,” गोरोबा म्हणाला.

तो एकटाच आला. बाकीच्या दोघांना बजरंगने थांबवून घेतले. मागची काच नसलेल्या गाडीत वारा घुसत होता आणि गोरोबा पाइप दोन गुडघ्यांत उभा धरून बसला होता. सबंध वाटेत तो एकदाच बोलला. दाजी उजव्या हाताने ढोल वाजवायचा, असे म्हणाला.

शिवारात गाडी थांबली तेव्हा विहिरीवरची एक मोटर चालू होती. गोरोबा दार लोटून तिकडे धावला. कोंडीरामचा स्टार्टर बंद होता. चालू होता तो बजरंगचा. मोटरपाशी कुणी नव्हते. तो पाइप हातात घेऊन विहिरीभोवती फिरला, आत डोकावला, कुणाला तरी शिवी दिली.

शामलाने पाण्याचा पाट बघितला आणि त्याच्या कडेकडेने चालू लागली. पाट बजरंगच्या रानात जात होता. लागवड होऊन महिना झालेला कांदा, दोन दिवस पाण्यावाचून माना टाकलेला. वाफ्यांच्या मध्ये चिखलात अनवाणी उभी राहून शिवकन्या खोऱ्याने पाणी फिरवत होती.

तिने वर पाहिले तेव्हा शामलाचा पाय जागीच थांबला. पोरीचा डावा डोळा सुजून पुरता मिटला होता. गालावर चार बोटे उमटली होती आणि मानेवर वळ होता, दोरखंडाचा असावा.

“अण्णा?” शामलाने विचारले.

शिवकन्याने मान हलवली. “सगळं ऐकून घेतलं. मग मारलं. मग दार लावून बसले ते अजून बसलेत. जेवले न्हाईत.” तिने शामलाच्या ओठाकडे पाहिले. “तुम्हाला पण?”

“काही नाही झालं.”

“काकांचा कांदा वाळायला लागलाय, मॅडम. आज त्यांची पाळी. उद्या उगवलं की गेली.”

मागे ढेकळे फुटल्याचा आवाज आला. गोरोबा बांधावरून उतरून सरळ वाफ्यांत आला होता. त्याने आधी कांद्याकडे पाहिले, मग पोरीच्या तोंडाकडे. कोंडीरामच्या घरच्या लग्नकार्यांना येणे-जाणे तुटले त्याला वर्षे झाली होती. त्याने तिला बघितलेच असेल तर फ्रॉकमध्ये बघितले असेल. तो तिच्यासमोर, दोन वाफ्यांच्या मधल्या वरंब्यावर उभा राहिला. पाइप त्याच्या मुठीत होता.

“कोन गं तू? कुनाची?”

शामलाला बोलायचे होते. नाव घ्यायचे नाही हा नियम तिचा होता. पण प्रश्न तिला विचारलेला नव्हता.

शिवकन्याने पाइपकडे पाहिले. मग तिची नजर गोरोबाच्या पायांकडे गेली. अलीकडचा वाफा काठोकाठ भरला होता. पाणी पुढे सोडायला वरंबा जिथे फोडायचा, नेमका तिथेच तो उभा होता, आणि पाणी त्याच्या बुटांवर चढू लागले होते.

“सांगते, काका,” ती म्हणाली. “आधी बाजूला व्हा. वाफा फुटंल.”

गोरोबाने खाली पाहिले. तो बाजूला झाला. शिवकन्याने खोऱ्याचे दोन घाव घालून वरंबा तोडला आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळले. ते वळले तसे त्या वाफ्याच्या खालच्या कडेला चिखल सुटला आणि कांद्याची रोपे मुळांसकट वाहू लागली. ती तिथवर पोहोचायच्या आधी गोरोबा पोहोचला. आधी त्याने पायाने दाबून बघितले. दबेना, तेव्हा पाइप बांधावर ठेवला आणि खाली बसून दोन्ही हातांनी माती लावू लागला.